तर्क, अनुमान आणि ‘असणार’

एखाद्या गुन्ह्याचा छडा लागलेला नसला की वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास येतं : घटनेबाबत तर्कवितर्क लढवले जात आहेत. त्याच अंकाच्या आतल्या पानावर एखाद्या अभ्यासकाची मांडणी ‘तर्कशुद्ध’ म्हणून वाखाणलेली असते. पहिल्या ठिकाणी तर्क म्हणजे खडा टाकून पाहणं, दुसऱ्या ठिकाणी विचाराच्या काटेकोरपणाचं प्रशस्तिपत्र. एकच शब्द इतक्या लांबच्या दोन अर्थांनी वापरला जातो आणि वाचणाऱ्याला काही खटकत नाही. याचा खुलासा सहसा असा केला जातो की मूळचा शास्त्रातला नेमका शब्द लोकांच्या तोंडी पडला आणि वापरून वापरून ढिला झाला. हा खुलासा ऐकायला बरा वाटतो, पण तो बहुतांशी उलटा आहे. रोजच्या बोलण्यातला तर्क शास्त्रकारांच्या तर्काच्या बराच जवळ आहे. ‘तर्कशुद्ध’ या शब्दातला दरारा मागाहून चढलेला आहे. आणि विचारातला नेमकेपणा मराठीने जपला तो तर्क, अनुमान, हेतू अशा भारदस्त नामांमध्ये नाही. तो क्रियापदाच्या रूपांत आणि ‘च’, ‘म्हणे’ अशा एका घासाच्या शब्दांत जपला आहे.

आधी शास्त्राकडे पाहू. अक्षपाद गौतमाच्या नावावर असलेली न्यायसूत्रं इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आजच्या रूपाला आली. पहिल्याच सूत्रात सोळा विषयांची यादी आहे : प्रमाण, प्रमेय, संशय इथपासून हेत्वाभास, छल, जाती, निग्रहस्थान इथपर्यंत. या यादीत तर्क आठवा आहे, आणि तो प्रमाणाहून वेगळा मोजलेला आहे. नैयायिकांच्या मते ज्ञानाची साधनं, म्हणजे प्रमाणं, चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. तर्क त्यांत नाही. सूत्रकाराने त्याला ऊह म्हटलं आहे. ज्या गोष्टीचं खरं स्वरूप अजून कळलेलं नाही तिच्याविषयी कारणांचा विचार करून बांधलेली अटकळ, असा त्याचा आशय. भाष्यकार वात्स्यायनाने आणखी स्पष्ट केलं की तर्क स्वतः ज्ञान देत नाही, ज्ञान देणाऱ्या प्रमाणाला मदत करतो.

ही मदत कशी होते ते नैयायिकांच्या नेहमीच्या उदाहरणावरून कळतं. डोंगरावर धूर दिसतो आहे, त्यावरून तिथे अग्नी आहे असं आपण ठरवतो. समोरचा म्हणतो, धूर असेल, पण अग्नी नसेल. काय हरकत आहे? त्याचं म्हणणं घटकाभर मान्य करायचं आणि ते कुठे नेतं ते पाहायचं. अग्नी नसता तर धूरही नसता, कारण धूर निघतो तो अग्नीतूनच. धूर तर समोर दिसतो आहे. तेव्हा ‘अग्नी नसेल’ हे धरून चालता येत नाही. इथे अग्नी सिद्ध केला तो धुराने. तर्काने फक्त आडवी आलेली शंका कापून काढली. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने तर तर्काला संशय आणि विपर्यय यांच्या पंक्तीला बसवून अयथार्थ अनुभवांत टाकलं आहे, कारण तर्क करताना आपण जे नाही ते मुद्दाम आहे असं मानत असतो. गंमत अशी की ज्या पुस्तकात तर्काची ही पायरी दाखवली आहे त्याचंच नाव ‘तर्कसंग्रह’! तिथे तर्क शब्दाचा अर्थ वेगळा आहे हे अन्नंभट्टाने स्वतःच्याच टीकेत सांगून ठेवलं आहे. ज्यांचं प्रतिपादन करायचं ते द्रव्य, गुण वगैरे पदार्थ म्हणजे तर्क. म्हणजे शब्दाची ओढाताण पंडितांच्या घरातच सुरू झालेली होती. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचं जे मोठं रूपक आहे, त्यात दर्शनं हे हात आहेत आणि तर्क हा हातातला परशू. कापणं हे तर्काचं काम, हे तेराव्या शतकात मराठीत लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं असं त्यावरून म्हणता येईल.

यावर जाणकार दोन आक्षेप घेतील आणि दोन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला असा की हे एकट्या न्यायदर्शनाचं मत झालं. जैन तर्कवेत्त्यांनी, विशेषतः आठव्या शतकातल्या अकलंकाच्या परंपरेने, तर्काला स्वतंत्र प्रमाण मानलेलं आहे. हे खरं आहे. मात्र त्यांच्या यादीतही तर्क आणि अनुमान अशी दोन वेगळी नावं आहेत. धूर आणि अग्नी यांचा अटळ संबंध ध्यानात येणं हा तर्क, आणि त्या संबंधाच्या आधारे या डोंगरावर आत्ता अग्नी आहे असं ठरवणं हे अनुमान. तर्काचा मान वाढला तरी शेवटचा निवाडा त्याच्या हाती नाही. दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे : सगळ्या न्यायविद्येलाच संस्कृतात तर्कविद्या, तर्कशास्त्र म्हणत आले आहेत, मग तर्काचा व्यापक अर्थ उपरा कसा म्हणायचा? तो उपरा नाही. वाईचे लक्ष्मणशास्त्री जोशी कोलकात्याची परीक्षा देऊन ‘तर्कतीर्थ’ झाले ते या व्यापक अर्थानेच. पण शास्त्राला एखाद्या साधनाचं नाव मिळालं म्हणून ते साधन शास्त्राएवढं होत नाही. इंग्रजी शिक्षणाबरोबर आलेल्या विषयालाही पुढे तर्कशास्त्र हेच नाव मिळालं, महाविद्यालयात तो विषय शिकवला जाऊ लागला, आणि हळूहळू तर्क म्हणजे चूक न होऊ देणारी विचारपद्धती असा भाव शिक्षितांच्या मराठीत रुजला. गल्लीत ‘माझा आपला एक तर्क’ म्हणणारा माणूस मात्र सूत्रकाराच्या ऊहाशीच प्रामाणिक राहिला.

तर्काच्या सोबतचे शब्द मात्र खरोखरच घसरलेले दिसतात. अनुमान हे नैयायिकांचं दुसरं प्रमाण. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच अवयवांनी मांडायचं. आज ‘माझं अनुमान आहे’ असं म्हणणारा माणूस बहुतेकदा अंदाज सांगत असतो. कयास हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. अरबी तत्त्वज्ञांनी ॲरिस्टॉटलच्या संवाक्याला, म्हणजे दोन विधानांवरून तिसरं अटळपणे निघतं त्या रचनेला, ‘कियास’ म्हटलं. सुन्नी धर्मशास्त्रात कुराण, हदीस आणि इज्मा यांच्यानंतर कायद्याचा चौथा आधार म्हणून ‘कियास’ येतो. मराठीत कयास बांधला जातो तो निवडणुकीच्या निकालाचा. हुज्जतचंही तेच. अरबीत तो पुराव्याचा शब्द. अल् गजालीला दिलेली ‘हुज्जतुल इस्लाम’ ही पदवी मोठ्या सन्मानाची होती. मराठीत हुज्जत घातली जाते ती रिक्षावाल्याशी, सुट्या पैशांवरून. संस्कृतातला वाद हा सत्य शोधण्यासाठी प्रमाणं देऊन केलेला विचारविनिमय होता. जिंकण्यासाठी केलेल्या वादाला जल्प म्हणत आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त पाडायची त्याला वितंडा. मराठीत वाद म्हणजे भांडण झालं, जल्पाची जल्पना होऊन बरळण्यापाशी पोचली, आणि वितंडवाद तेवढा जिथल्या तिथे राहिला. वाईट शब्दाला आणखी कुठे घसरायचं होतं?

संस्कृत आणि अरबी या दोन अगदी वेगळ्या परंपरांतून आलेले शब्द मराठीत एकाच दिशेने उतरले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लोकांचा आळस एवढंच कारण देऊन ती सुटत नाही. मला कारण दिसतं ते असं : अनुमानाचं सगळं बळ व्याप्तीत असतं, म्हणजे ‘जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी’ या न चुकणाऱ्या संबंधात. बोलताना माणूस व्याप्ती उच्चारत नाही, फक्त निष्कर्ष सांगतो. ऐकणाऱ्याला निष्कर्षामागे पक्का संबंध आहे की नुसता भास, हे कळायला मार्ग नसतो. शंभर वेळा ऐकलेल्या अनुमानांपैकी पुष्कळशी फसली की शब्दाची पत त्या मानाने उतरते. लोकांनी ‘अनुमान’ला अंदाजाच्या भावात मोजलं, यात लोकांची चूक कमी आणि अनुमान म्हणून अंदाज खपवणाऱ्यांची जास्त.

या सगळ्यांत हेतू या शब्दाचा प्रवास सर्वांत बोलका आहे. न्यायशास्त्रात हेतू म्हणजे खूण, आधार. डोंगरावरच्या अग्नीच्या बाबतीत धूर हा हेतू. वरवर हेतूसारखा दिसणारा पण आधार न देणारा तो हेत्वाभास. मराठीत हेतू म्हणजे मनातला उद्देश. त्यामुळे एखाद्याने विधान केलं आणि आपण ‘यामागे तुमचा हेतू काय?’ असं विचारलं, तर संस्कृत नैयायिकाला आपण पुरावा मागितल्यासारखं वाटेल आणि मराठी माणसाला संशय घेतल्यासारखं. मराठीत त्यासाठी ‘हेत्वारोप’ हा नेमका शब्दही घडला. हेत्वाभास दाखवणं म्हणजे युक्तिवादातली चूक दाखवणं; हेत्वारोप करणं म्हणजे युक्तिवाद बाजूला ठेवून माणसाच्या मनाचा पंचनामा करणं. अक्षरं जवळजवळ सारखी, काम विरुद्ध. दूरचित्रवाणीवरच्या संध्याकाळच्या चर्चा ऐकल्या तर तिथे हेत्वाभासाची चर्चा क्वचित आणि हेत्वारोपांची रेलचेल असते. या अवस्थेचा दोष शब्दाच्या माथी मारता येणार नाही, पण ‘तुमच्या म्हणण्याला आधार काय?’ असं विचारण्यासाठी मराठीला आता आधार, पुरावा, कारण असे दुसरे शब्द शोधावे लागतात एवढं खरं.

त्यांतल्या ‘कारण’चीही एक खोच आहे. ‘रस्ता ओला आहे, कारण पाऊस पडला’ आणि ‘पाऊस पडला असणार, कारण रस्ता ओला आहे’ ही दोन्ही वाक्यं मराठीत सुखाने चालतात. पहिल्यात कारण म्हणजे ज्यामुळे गोष्ट घडली ते. दुसऱ्यात कारण म्हणजे ज्यावरून आपल्याला कळलं ते. ओल्या रस्त्याने पाऊस पाडलेला नाही हे कुणी सांगावं लागत नाही. का लागत नाही? कारण दुसऱ्या वाक्यात ‘असणार’ आहे. ते काढून ‘पाऊस पडला, कारण रस्ता ओला आहे’ असं म्हणून पाहा. वाक्य लगेच लंगडतं. घडण्याचं कारण आणि कळण्याचं कारण यांतला फरक, ज्याला नैयायिकांनी कारक आणि ज्ञापक अशी नावं दिली, तो मराठीत नामाने सांभाळलेला नाही. तो क्रियापदाने सांभाळला आहे.

इथून पुढे मामला रंगतो. काल रात्रीच्या पावसाविषयी मराठीत काय काय म्हणता येतं ते पाहा. पाऊस पडला. पाऊस पडलेला दिसतोय. पाऊस पडला असणार. पाऊस पडला असावा. पाऊस पडला असेल. पाऊस म्हणे पडला. पाऊस पडला असता तर. बातमी एकच, पण ती बोलणाऱ्याकडे कोणत्या वाटेने आली आणि तिच्यावर तो किती भार टाकायला तयार आहे, हे दर वाक्यात वेगळं आहे. नुसतं ‘पडला’ म्हणणारा बहुधा पाहून सांगतो आहे. ‘पडलेला दिसतोय’ म्हणणाऱ्याला पाऊस दिसलेला नाही, पावसाच्या खुणा दिसल्या आहेत. मराठीने ‘दिसणे’ हे पाहण्याचं क्रियापद खुणेवरून ओळखण्यासाठी वापरलं. ‘असणार’मध्ये खुणेवर जवळपास पूर्ण भरवसा आहे, ‘असावा’त थोडी जागा मोकळी ठेवली आहे, ‘असेल’ म्हणजे असलं तर असलं. ‘म्हणे’ने बोलणारा स्वतःला बाजूला काढून घेतो : ऐकलं ते सांगितलं, जबाबदारी सांगणाऱ्याची. प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द या तीन प्रमाणांचे शिक्के क्रियापदावर उमटलेले असावेत तशी ही व्यवस्था आहे. आणि शेवटचं ‘असता तर’ हे तर अन्नंभट्टाच्या तर्काचं जसंच्या तसं व्याकरण : अग्नी नसता तर धूर नसता. मुद्दाम खोटं मानून चालल्याचा भाव ‘नसता’ या रूपातच आहे. वेगळं सांगायची गरज नाही.

कुणी म्हणेल, ‘असणार’ आणि ‘असेल’ ही भविष्यकाळाची रूपं आहेत, त्यांना अनुमानाचा मान कशाला द्यायचा? भविष्याविषयी बोलताना ती भविष्यकाळीच आहेत, ‘उद्या तो घरी असणार’ यात शंका नाही. पण ‘काल पाऊस पडला असणार’ या वाक्यात भविष्य कुठे आहे? पाऊस कालचा, ओल आजची. पुढे ढकललेलं काही असेल तर ते फक्त पडताळणी. उलट, न आलेल्या काळाविषयीचं रूप न पाहिलेल्या गोष्टीसाठी घेणं यातच भाषेची समज दिसते, कारण दोन्ही बाबतींत बोलणाऱ्याच्या हाती प्रत्यक्ष काही नसतं.

‘च’ची करामत याहून बारीक आहे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध आचार्याने संस्कृतातल्या ‘एव’चा अर्थ तो वाक्यात कुठे बसतो त्यावर कसा पालटतो हे दाखवलं आणि त्यातून व्याप्तीचा विचार पुढे नेला. मराठीचा ‘च’ हीच कामगिरी करतो. ‘पार्थच धनुर्धर’ म्हटलं की बाकीचे सगळे बाद; ‘चैत्र धनुर्धरच आहे’ म्हटलं की चैत्राविषयीची शंका बाद, दुसरे धनुर्धर असायला हरकत नाही; ‘कमळ निळं असतंच’ म्हटलं की कमळ कधीच निळं नसतं हे म्हणणं तेवढं बाद. आता हा ‘च’ जर-तर मधल्या ‘तर’ला लावा. ‘अभ्यास केलास तर पास होशील’ आणि ‘अभ्यास केलास तरच पास होशील’ ही दोन आश्वासनं अजिबात सारखी नाहीत. पहिल्यात अभ्यास पुरेसा आहे; दुसऱ्यात तो आवश्यक आहे, पुरेल की नाही याची हमी नाही. धूर आणि अग्नी यांचंही असंच. धूर असेल तर अग्नी आहे, पण अग्नी असेल तर धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यातून धूर निघत नाही. धूर निघायला लाकूड ओलं लागतं, आणि या जादा अटीला नैयायिक उपाधी म्हणत. (मराठीत उपाधी म्हणजे पदवी किंवा मागे लागलेला त्रास, हाही शब्द निसटलाच.) जाहिरातींचा निम्मा धंदा ‘तर’ आणि ‘तरच’ यांतल्या धूसरपणावर चालतो, असं म्हणण्याचा मोह होतो. अमुक शिकवणी लावलेली मुलं यशस्वी झाली, एवढंच जाहिरात सांगते. न लावलेली किती झाली आणि लावूनही किती राहिली हे वाचणाऱ्याने विचारायचं असतं.

या सगळ्या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप सामाजिक आहे. न्यायशास्त्र मूठभर लोकांच्या पाठशाळांत कोंडलेलं होतं. बहुसंख्य मराठी बोलणाऱ्यांना त्याचं दारही उघडं नव्हतं. मग शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात वाढलेल्या भाषेचा मेळ त्या शास्त्राशी घालणं म्हणजे ओढूनताणून चंद्रबळ आणणं नव्हे काय? आक्षेपातली वस्तुस्थिती मान्य केलीच पाहिजे. म्हणूनच इथे दावा असा नाही की मराठीने व्याकरण नैयायिकांकडून घेतलं. दावा एवढाच की ज्या अडचणींनी नैयायिकांना सूत्रं लिहायला लावली त्या अडचणी चूल पेटवणाऱ्या बाईलाही होत्या, आणि तिने व तिच्यासारख्या लाखोंनी त्यांवरची उत्तरं भाषेत ठेवली. म्हणींइतका याचा चांगला पुरावा दुसरा नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, यात लागोपाठ घडलेल्या दोन गोष्टींना कार्यकारण समजू नये हे सांगितलं आहे. संस्कृतात याला जोड काकतालीय न्यायाची आहे, पण मराठी म्हण वापरणाऱ्याला ते ठाऊक असण्याची गरज पडत नाही. वडाची साल पिंपळाला लावणं म्हणजे एका ठिकाणचा आधार दुसऱ्याच निष्कर्षाला जोडणं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, यात एकाच मापाने दोघांना न मोजण्याचा दोष पकडला आहे.

मला सर्वांत विचारपूर्वक वाटते ती जोडी ‘शितावरून भाताची परीक्षा’ आणि ‘सुतावरून स्वर्ग’ यांची. दोन्हींत थोड्यावरून फार मोठं काही ठरवलं जातं. तरी पहिलीत शहाणपण आहे आणि दुसरीत टिंगल. फरक कशात आहे? भांड्यातला भात एकाच तांदळाचा, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. म्हणून एक शीत दाबून पाहिलं की बाकीच्यांविषयी बोलायचा अधिकार मिळतो. हा एकजिनसीपणा हीच तिथली व्याप्ती. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. मतदार म्हणजे एका भांड्यातला भात नव्हे. त्यांत जात आहे, गाव-शहर आहे, विचारणाऱ्याला खरं न सांगण्याची प्रवृत्ती आहे, आणि नेमकी कुठली शितं उचलली यावर सगळं अवलंबून आहे. चाचणी घेणारे हे जाणतात आणि म्हणून आकड्याबरोबर कमीजास्तीची मर्यादाही देतात. पडद्यावर येताना ती मर्यादा गळते आणि ‘असावं’चं ‘आहे’ होतं.

इतकी काटछाट रोजच्या बोलण्यात कोण करतो, संदर्भावरून माणूस समजतोच की, असंही म्हणता येईल. बोलण्यात समजतो हे कबूल. पण जिथे शब्दावर कुणाची शिक्षा किंवा कुणाची मदत ठरते, तिथे व्यवस्थेने स्वतःहून पायऱ्या वेगळ्या केलेल्या दिसतात. महाराष्ट्रातल्या महसूल खात्याची पैसेवारी घ्या. भरघोस पीक म्हणजे रुपया असं धरून गावाचं पीक किती पैसे आलं हे ठरवायचं. जुन्या काळी सोळा आण्यांच्या हिशेबाने याला आणेवारी म्हणत. पीक उभं असताना डोळ्यांनी पाहून ठरवतात ती नजर अंदाज पैसेवारी, मग सुधारित, आणि प्रत्यक्ष पीक कापून, वजन करून येते ती अंतिम. पन्नास पैशांच्या खाली पैसेवारी गेली की टंचाईच्या सवलतींचा प्रश्न उभा राहतो. गावकऱ्यांचा आणि तहसील कार्यालयाचा तंटा पुष्कळदा या नजर अंदाजावरून होतो, आणि तो व्हावा हेच योग्य आहे. कारण नावातच कबुली आहे की ही नजर आहे आणि हा अंदाज आहे. कापणीआधीचा आकडाच ‘अंतिम’ म्हणून जाहीर केला असता तर भांडायला जागाच उरली नसती.

न्यायालयाचं उदाहरण याहून कडक आहे. कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही अशा गुन्ह्यात परिस्थितीजन्य पुरावा हाच आधार असतो, आणि तो सबंध अनुमानाचा प्रांत. १९८४ साली महाराष्ट्रातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा पुराव्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या, ज्यांना पुढे पंचशील म्हटलं गेलं. ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी. ती आरोपीच्या दोषाशीच जुळणारी हवी. तिचं स्वरूप निर्णायक हवं. दोष सोडून दुसरं प्रत्येक संभाव्य स्पष्टीकरण तिने बाद केलेलं हवं. आणि पुराव्याची साखळी कुठे तुटलेली नको. आरोपीने गुन्हा केला ‘असेल’ आणि केला ‘असणारच’ यांमधलं अंतर पार झाल्याशिवाय शिक्षा नाही, हा त्यामागचा विचार. चौथी कसोटी नीट पाहिली तर तो परशूच आहे : आरोपी निर्दोष असता तर या खुणा अशा दिसल्या असत्या का, असं एकेक पर्यायाबाबत विचारत जायचं आणि एकही पर्याय तग धरून राहिला तर संशयाचा फायदा द्यायचा. ‘म्हणे’लाही तिथे जागा दाखवलेली आहे, ऐकीव पुरावा, काही अपवाद सोडले तर, न्यायालय स्वीकारत नाही. उलट फिरत्या निरोपांमध्ये सगळ्यात आधी गळतो तो हाच शब्द. पहिल्याने ‘अमुक औषधाने म्हणे साखर उतरते’ असं ऐकलं, दुसऱ्याने लिहिताना ‘म्हणे’ वगळलं, तिसऱ्याच्या फोनवर ते वैद्यकीय सत्य होऊन पोचलं.

आता उरतो ‘तर्कशुद्ध’. हा शब्द टाकून द्यावा असं कुणी म्हणणार नाही, पण तो किती देतो हे पाहिलं पाहिजे. अकरावी-बारावीच्या तर्कशास्त्राच्या पुस्तकात मुलं आरंभीच शिकतात की युक्तिवाद वैध असणं आणि विधान सत्य असणं या दोन निराळ्या गोष्टी. सगळे मासे झाडावर राहतात, बांगडा हा मासा आहे, म्हणून बांगडा झाडावर राहतो : या रचनेत कणभर चूक नाही. आधारविधानं मान्य केली की निष्कर्ष टाळता येत नाही. मालवणच्या बाजारात मात्र हा युक्तिवाद कुणी विकत घेणार नाही, कारण पहिलंच विधान खोटं आहे. तर्कशुद्ध मांडणी म्हणजे आधारांपासून निष्कर्षापर्यंतची वाट सरळ आहे एवढंच प्रमाणपत्र. आधार कुठून आले हे ते प्रमाणपत्र सांगत नाही. म्हणून कटकारस्थानांच्या कथा अनेकदा कमालीच्या तर्कशुद्ध असतात. त्यांत प्रत्येक धागा जुळतो, आणि प्रत्येक धागा कुणीतरी कुठेतरी ‘म्हणे’ म्हणून सोडलेला असतो. असल्या मांडणीला ‘हे तर्कशुद्ध नाही’ असं उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते, कारण ते असतंच. विचारायला हवं ते निराळं : हे कळलं कशावरून?

हल्ली तर्कशुद्धची जागा ‘लॉजिक’ने घेतली आहे, आणि तो शब्द एकाच वेळी चार कामं करतो. ‘यात काय लॉजिक आहे?’ हा प्रश्न कधी उद्देश विचारतो, कधी कारण, कधी पुरावा, आणि कधी नुसतं ‘मला पटलं नाही’ एवढंच सांगतो. प्रश्न कळला की नाही हे न ठरवता समोरचा उत्तर देतो, बहुधा आपल्या सोयीच्या अर्थाने, आणि पुढची पंधरा मिनिटं दोघे दोन वेगळ्या विषयांवर बोलत राहतात. मराठीत तोच प्रश्न ‘कशासाठी?’, ‘कशामुळे?’ आणि ‘कशावरून?’ असा तीन प्रकारे विचारता येतो, आणि तिन्हींची उत्तरं एकमेकांच्या जागी बसत नाहीत. धरणाची उंची वाढवली कशासाठी, तर पाण्यासाठी. गाव बुडालं कशामुळे, तर फुगवट्यामुळे. आणि फुगवटा तिथवर येणार हे आधी ठाऊक होतं असं म्हणता ते कशावरून?